रिकाम्या परतीचे गणित : धान्य आणि तेल वाहून नेणाऱ्या एका कुटुंबाची दीडशे वर्षे

१. अमेरिकेतील आयोवा राज्यात कोनोव्हर नावाचे एक गाव होते. १८६५ च्या सुमारास लोहमार्ग तेथवर येऊन थांबला आणि माळरानावर दुकाने, खाणावळी व मद्यालये यांची दाटी झाली. वर्षभरात लोहमार्ग पुढे सरकला आणि गाव जसे उगवले तसेच मावळले. त्या गावात एका विशीतल्या तरुणाने घेतलेले धान्याचे एक बैठे कोठार मात्र इतिहासात राहिले. त्या कोठारातून उभी राहिलेली पेढी आज अमेरिकेतील सर्वांत मोठी खासगी कंपनी मानली जाते.

२. पेढीचे नाव कारगिल. लडाखमधील कारगिलशी या नावाचा काहीही संबंध नाही. हे एक स्कॉटिश आडनाव आहे. या कंपनीचे समभाग कोणत्याही शेअर बाजारात मिळत नाहीत. तिची बहुतांश मालकी आजही एकाच कुळाच्या वारसांकडे आहे. गहू, मका, सोयाबीन, खाद्यतेल, मीठ, साखर, कापूस आणि एकेकाळी खनिज तेल, असा जवळजवळ प्रत्येक अवजड माल तिने वाहिला. तरीही सामान्य ग्राहकाला तिचे नाव क्वचितच ठाऊक असते.

३. संस्थापक विल्यम वॉलेस कारगिल याचा जन्म १८४४ चा. वडील स्कॉटलंडमधून आलेले जहाजाचे कप्तान. समुद्र सोडून हे कुटुंब विस्कॉन्सिनमध्ये शेतीवर स्थिरावले. विल्यमने शेती केली नाही आणि जहाजही चालवले नाही. शेत आणि जहाज यांच्यामधले अंतर हाच त्याचा व्यवसाय झाला. पुढच्या सर्व पिढ्यांचे वैभव या अंतरातूनच आले.

४. तो काळ अनुकूल होता. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पश्चिमेकडील जमीन कसणाऱ्याला जवळजवळ फुकट मिळू लागली होती. १८६५ मध्ये यादवी युद्ध संपले आणि हजारो कुटुंबे पश्चिमेकडे निघाली. नव्या जमिनीत गहू भरघोस येई. परंतु सुगीत सर्वांचा माल एकदमच तयार होई. डबे अपुरे, रस्ते चिखलाचे आणि शेतकऱ्याला रोख रकमेची निकड. अशा वेळी रुळाशेजारी ज्याचे कोठार असेल, तोच बाजार ठरे.

५. कोठाराचे काम दिसायला साधे होते. शेतकरी गाडी आणी, माल तोलला जाई, प्रत ठरे, रोख पैसे मिळत. कोठारवाला तो माल साठवून डबे मिळाले की मोठ्या बाजारात पाठवी. पुढे बैठ्या कोठारांच्या जागी उंच 'एलिव्हेटर' आले. त्यात पट्ट्यावर बसवलेल्या बादल्या धान्य वर नेत आणि ते स्वतःच्या वजनानेच खालच्या डब्यात उतरे. ज्या कामाला हमालांचा दिवस जाई, ते घटकाभरात होऊ लागले.

६. विल्यमने एका गावावर कधीच जीव जडवला नाही. लोहमार्ग जिकडे, तिकडे कोठार, असा त्याचा क्रम होता. १८७५ मध्ये त्याने मिसिसिपी नदीकाठच्या ला क्रॉस या गावी मुख्य ठाणे हलवले. तेथे नदी आणि रूळ एकत्र येत. भाऊ सॅम, सिल्व्हेस्टर आणि जेम्स एकेक करून धंद्यात आले. मिनेसोटा आणि डाकोटाच्या गव्हाळ पट्ट्यात त्यांची कोठारे पसरत गेली.

७. शेतकऱ्याच्या बाजूने हे चित्र वेगळे दिसे. त्याच्या गावात बहुधा एकच कोठार असे. वजनात मारलेली तूट, ओलाव्याच्या नावाखाली उतरवलेली प्रत आणि सुगीतच पडणारा भाव, या तक्रारी आपल्याकडील आडत्यांच्या गाळ्यांवर ऐकू येतात त्याच होत्या. १८७० च्या दशकात अमेरिकेत 'ग्रेंजर' ही शेतकऱ्यांची चळवळ उभी राहिली. १८७७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने 'मन विरुद्ध इलिनॉय' या खटल्यात निकाल दिला, की ज्या खासगी कोठारावर जनतेचे हित अवलंबून आहे, त्याचे दर राज्य सरकार ठरवू शकते. धान्याच्या वाटेवर बसलेला मनुष्य केवळ व्यापारी नसतो, हे तेव्हा कायद्याने मान्य केले.

८. ला क्रॉसमध्ये कारगिल कुटुंबाच्या शेजारी मॅकमिलन हे दुसरे स्कॉटिश वंशाचे कुटुंब राहत असे. १८९५ मध्ये विल्यमची मुलगी एडना हिचा विवाह जॉन मॅकमिलन याच्याशी झाला. जावई स्वतःच्या धान्य व्यापारात पोळून निघालेला होता. सासऱ्याच्या पेढीत तो नोकरीला लागला, तेव्हा पुढे संपूर्ण पेढीच आपल्याला तारावी लागेल, याची त्याला कल्पना नसावी.

९. १९०९ मध्ये विल्यम कारगिलचा मृत्यू झाला आणि खरी स्थिती उघडी पडली. मुलाने माँटाना राज्यात पाटबंधारे व जमिनीच्या एका प्रचंड योजनेत पैसा ओतला होता. तो पैसा धान्याच्या पेढीच्या पतीवर उचललेला होता. संस्थापक गेल्याची वार्ता पसरताच सावकार दाराशी आले. कोठारे भरलेली होती. तिजोरी मात्र रिकामी होती.

१०. जावई जॉन मॅकमिलनने सावकारांची समिती बसवली, मुदतीचे कर्जरोखे दिले, माँटानाचा व्यवहार मोडीत काढला आणि काही वर्षांत देणी फेडली. कुटुंबात कटुता आली. सत्ता कारगिल घराण्याकडून मॅकमिलन शाखेकडे गेली. नाव मात्र कारगिलच राहिले. धान्याचा पैसा धान्याच्या वाटेवरच लावायचा आणि नफा वाटून खाण्याऐवजी धंद्यात परत घालायचा, हा दंडक या संकटातून आला. तो शतकभर टिकला.

११. १९२३ मध्ये कंपनीने मिलवॉकीची टेलर अँड बोर्निक ही पेढी विकत घेतली. तिच्याकडे पूर्वेकडील शहरांत कचेऱ्या होत्या आणि त्यांना जोडणारी स्वतःची तारयंत्रणा होती. धान्याच्या व्यापारात कोठारांइतकीच किंमत बातमीला असते. कोणत्या जिल्ह्यात पाऊस हुकला, कोणत्या बंदरात जहाज अडकले आणि कोणता देश गुपचूप खरेदीला निघाला, हे ज्याला आधी कळते, त्याच्या हातात भाव असतो. कंपनीने पुढे जगभर कचेऱ्या उघडल्या त्या माल विकण्यासाठी तशाच कानोसा घेण्यासाठीही.

१२. तिसऱ्या पिढीतील जॉन मॅकमिलन ज्युनियर हा व्यापाऱ्यापेक्षा यंत्रज्ञच अधिक होता. धान्य ही नदीसारखी अखंड वाहणारी गोष्ट असावी, शेतापासून बंदरापर्यंत तिला कोठेही थांबावे लागू नये, अशी त्याची कल्पना होती. मंदीच्या ऐन काळात, १९३२ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथे कंपनीने १.३ कोटी बुशेल क्षमतेचे एलिव्हेटर सुरू केले. एक बुशेल गहू म्हणजे सुमारे २७ किलो. इतर लोक कोठारे विकत असताना हे कुटुंब कोठारे बांधत होते. नफा वाटला गेला नव्हता, म्हणूनच ते शक्य झाले.

१३. धाडसाला उद्दामपणाची किनारही होती. १९३६ च्या अवर्षणाने मक्याचा तुटवडा पडला होता. १९३७ च्या सप्टेंबरात शिकागोच्या वायदेबाजारात कारगिलकडे मक्याचे इतके सौदे जमा झाले, की माल द्यायचा म्हटला तरी विकणाऱ्यांना तो मिळेना. बाजार कोंडीत पकडल्याचा आरोप झाला. शिकागो बोर्ड ऑफ ट्रेडने सौदे कमी करण्यास सांगितले आणि कंपनीने ऐकले नाही, तेव्हा त्या महिन्याचा व्यवहारच थांबवला.

१४. १९३८ मध्ये बोर्डाने कारगिलला सदस्यत्वातून काढून टाकले. कंपनीचे म्हणणे असे, की शिकागोतील जुन्या दलालांनी आपला गट वाचवण्यासाठी नियम मोडले. सरकारी यंत्रणेचे मत वेगळे होते. पुढे बोर्डाने परत येण्याचे सुचवले, तरी कंपनी १९६२ पर्यंत परतली नाही आणि तोवर इतरांच्या मार्फत सौदे करीत राहिली. समभागधारकांना उत्तर द्यावे लागणाऱ्या कंपनीला इतका दीर्घ रुसवा परवडला नसता. घरच्या मालकीत रागही पिढ्यानपिढ्या सांभाळता येतो.

१५. मग महायुद्ध आले आणि धान्यवाहू कंपनी जहाजे बांधू लागली. मिनेसोटा नदीच्या काठी, समुद्रापासून दोन हजार किलोमीटरांहून दूर असलेल्या सॅव्हेज या लहानशा गावी कारगिलने गोदी उभारली. नदी तेथे जेमतेम तीन-साडेतीन फूट खोल होती. लष्कराच्या अभियंत्यांनी मिसिसिपीपर्यंतचे सुमारे १४ मैलांचे पात्र नऊ फूट खोल केले. भोवतालच्या शेतांतील माणसे वितळजोडीचे काम शिकून गोदीवर रुजू झाली.

१६. या गोदीतून अमेरिकी नौदलासाठी १८ तेलवाहू जहाजे बाहेर पडली. लांबी सुमारे ३१० फूट. काम आघाडीवरील बोटी व विमाने यांच्यासाठी पेट्रोल पोहोचवण्याचे. त्यांतील 'अगावाम' हे जहाज मे १९४३ मध्ये पाण्यात उतरले. गव्हाच्या मुलखात जन्मलेली ही जहाजे मिसिसिपीतून न्यू ऑर्लिन्सकडे आणि तेथून समुद्राकडे गेली. कप्तानाच्या वारसांच्या कारखान्यात जहाजे बांधली गेली आणि त्यांत धान्याऐवजी तेल भरले गेले.

१७. युद्ध संपले, गोदी आणि खोल केलेली नदी मागे राहिली. सॅव्हेजचे 'पोर्ट कारगिल' झाले. तेथे बार्ज, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू नौका, धान्याने भरून मिसिसिपीतून दक्षिणेला जाऊ लागल्या. पाण्याची वाट रुळापेक्षा स्वस्त होती. मात्र एक प्रश्न उरला. दक्षिणेला धान्य उतरवल्यावर शेकडो मैल उलट प्रवाहात येणारी रिकामी नौका इंधन खाते, माणसे अडकवते आणि काहीच कमावत नाही.

१८. परतीचे भाडे मिळाले तर धंदा, नाहीतर तोटा, हे कोणताही ट्रकवाला जाणतो. कारगिलने हेच गणित खंडाच्या मापात सोडवले. लुइझियानात भूगर्भात मिठाचे डोंगर आहेत आणि उत्तरेकडील बर्फाळ रस्त्यांवर टाकण्यासाठी मीठ लागते. १९५० च्या दशकात परतीच्या नौकांतून मीठ येऊ लागले. पुढे कंपनीने स्वतःची खाण खोदली. पाहता पाहता धान्याची पेढी जगातील मोठ्या मीठ उत्पादकांत गणली जाऊ लागली.

१९. या हिशेबाला माणसांची किंमतही पडली. ५ मार्च १९६८ च्या रात्री लुइझियानातील बेल आइल येथील कारगिलच्या मीठखाणीत आग लागली. खाली उतरण्याचा एकमेव कूपक ज्वाळांनी व्यापला आणि आत अडकलेले २१ कामगार मृत्युमुखी पडले. १९७९ मध्ये त्याच खाणीत स्फोट होऊन आणखी पाच जण गेले. परतीच्या खेपेतील स्वस्ताईमागे हीही नोंद आहे.

२०. हेच गणित पुढे मोठ्या पाण्यावर मांडले गेले. १९५९ मध्ये सेंट लॉरेन्स जलमार्ग मोठ्या जहाजांना खुला झाला. कॅनडातील बे-कोमो येथे कारगिलने प्रचंड एलिव्हेटर बांधले. सरोवरांतून आलेली जहाजे तेथे धान्य उतरवीत आणि परतताना त्या परिसरातील लोहखनिज पोलाद कारखान्यांकडे नेत. धान्य पुढे समुद्री जहाजांतून युरोपकडे जाई. जाताना गहू आणि येताना लोखंड, अशी दोन्ही वाटांची कमाई बांधली गेली.

२१. तेलाची दुसरी वाट घाण्यातून गेली. १९४३ मध्ये कंपनीने आयोवातील सीडर रॅपिड्स येथे सोयाबीन गाळण्याचा कारखाना घेतला. सोयाबीनमधून जेमतेम पाचवा हिस्सा तेल निघते. उरते ती प्रथिनांनी भरलेली पेंड. १९४५ मध्ये न्यूट्रेना ही पशुखाद्याची कंपनी घेतली आणि पेंडीलाही घरचे गिऱ्हाईक मिळाले. तेल माणसाला, पेंड कोंबडीला आणि डुकराला. यातही काहीच रिकामे परत जात नव्हते.

२२. या साखळीत भारत आला तो १९५० च्या दशकात. अमेरिकेच्या १९५४ च्या 'पीएल ४८०' कायद्याखाली तेथील शिल्लक धान्य सवलतीने परदेशी जाऊ लागले. भारताने १९५६ मध्ये करार केला. धान्य अमेरिकी सरकारच्या धोरणाने येई. परंतु ते गोळा करणे आणि जहाजात भरणे हे काम कारगिल, कॉन्टिनेंटल यांसारख्या खासगी कंपन्याच करीत. १९६० च्या दशकाच्या मध्यावरील दुष्काळात अमेरिकी गव्हाच्या पिकाचा सुमारे पाचवा हिस्सा भारताकडे येत होता. शिधापत्रिकेवर मिळणाऱ्या त्या तांबूस गव्हामागे अशी सारी यंत्रणा उभी होती.

२३. १९५६ मध्ये जिनीव्हात 'ट्रॅडॅक्स' ही उपकंपनी उभी राहिली आणि अमेरिकी धान्याची पेढी जागतिक झाली. माल एका देशातून निघे, कागद दुसऱ्या देशात बने आणि नफा तिसऱ्या देशात मोजला जाई. या व्यापारात तेव्हा मोजकीच घराणी होती : कारगिल, कॉन्टिनेंटल, लुई ड्रेफस, बुंगे आणि आंद्रे. सर्वच घरच्या मालकीची, सर्वच मितभाषी. डॅन मॉर्गन या पत्रकाराने १९७९ मध्ये 'मर्चंट्स ऑफ ग्रेन' हा ग्रंथ लिहिला, तोवर सामान्य वाचकाला ही नावे फारशी ठाऊक नव्हती.

२४. या मौनाचे मोल १९७२ मध्ये जगाला कळले. सोव्हिएत संघाचे पीक बुडाले होते. त्यांचे अधिकारी अमेरिकेत आले आणि एकेका कंपनीला वेगवेगळे भेटले. सर्वांत मोठा सौदा कॉन्टिनेंटलने केला. कारगिलने सुमारे दहा लाख टन गहू विकला. दुसऱ्याने किती विकले, हे पहिल्याला ठाऊक नव्हते. सगळे सौदे बेरजेला आले तेव्हा कळले, की अमेरिकेच्या गव्हाच्या पिकाचा जवळजवळ चौथा हिस्सा विकला गेला आहे. तोही सरकारी अनुदानाने उतरवलेल्या भावात.

२५. जुलै १९७२ मध्ये बुशेलला पावणेदोन डॉलरच्याही खाली असलेला गहू १९७४ च्या आरंभी पाच डॉलरच्या वर गेला. अमेरिकेत पाव महागला, मांस महागले आणि संसदेच्या चौकश्या लागल्या. ज्या शेतकऱ्यांनी सुगीतच गहू विकला होता, त्यांना या चढाईतील एक छदामही मिळाला नाही. कारगिलने हिशेब उघडून दाखवले, की रशियाच्या गव्हात आपल्याला तोटाच झाला. ते कागदोपत्री खरे असेलही. परंतु नंतरच्या वर्षभराच्या उलथापालथीत कंपनीचा एकूण नफा अनेक पटींनी वाढला. मोठ्या निर्यात सौद्यांची माहिती सरकारला ताबडतोब कळवावी, असा नियम अमेरिकेने त्यानंतर केला.

२६. ज्या महिन्यांत जगाचा गहू असा आटत होता, त्याच महिन्यांत महाराष्ट्र १९७२ च्या दुष्काळात होरपळत होता. दगड फोडणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या वाट्याला सुकडी आणि परदेशी लाल 'मिलो' आली. भारताला चढ्या जागतिक भावात धान्य शोधावे लागले. १९७३ मध्ये सोव्हिएत संघाने भारताला २० लाख टन धान्य उसने दिले. एका वर्षी जगाच्या बाजारातून गहू उचलणारा देश दुसऱ्या वर्षी उसनवारी करीत होता. त्या दुष्काळाला पावसाइतकाच दूरचा बाजारही कारण होता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु दुष्काळ निवारण्याची किंमत त्या बाजारानेच वाढवली, यात शंका नाही.

२७. १९८० च्या दशकात कंपनी खनिज तेलाच्या व्यापारातही उतरली. जहाजे भाड्याने घेणे, भावातील चढउतारांपासून वायद्यांनी बचाव करणे आणि बातमी आधी मिळवणे, ही धान्यातील विद्या तेलालाही लागू पडे. सुमारे तीन दशकांनी, २०१७ मध्ये, कंपनीने आपला पेट्रोलियम व्यवसाय मॅक्वारी या वित्तसंस्थेला विकला. महायुद्धात तेलवाहू जहाजांपासून सुरू झालेले खनिज तेलाशी असलेले नाते तेथे बहुतांशी संपले.

२८. भारतात कंपनी १९८७ मध्ये आली, आणि तिचे स्वागत शांतपणे झाले नाही. डिसेंबर १९९२ मध्ये एम. डी. नंजुंडस्वामी यांच्या कर्नाटक राज्य रयत संघाच्या कार्यकर्त्यांनी बंगळुरूमधील कारगिल सीड्सच्या कचेरीत घुसून कागदपत्रे रस्त्यावर जाळली. जुलै १९९३ मध्ये बळ्ळारी येथील बियाणे केंद्राची मोडतोड झाली. डंकेल प्रस्तावावर देशभर वाद चालू होता. बियाणे कोणाचे, हा प्रश्न शेतकऱ्यांसाठी प्राणाचा होता. कारगिलने आपला परदेशातील बियाणे व्यवसाय १९९८ मध्ये मोन्सँटोला विकला.

२९. त्याहूनही बोचरा संघर्ष मिठाचा झाला. कच्छमधील कांडला बंदराजवळ सातसैदा बेटावर सुमारे १५ हजार एकर जमीन घेऊन वर्षाला दहा लाख टन मीठ निर्यातीसाठी काढायचे, अशी कारगिलची योजना होती. स्थानिक मीठ उत्पादक हादरले. बंदर प्रशासनही विरोधात गेले. मुंबईच्या कामगार चळवळीतून पुढे आलेले जॉर्ज फर्नांडिस यांनी १९९३ मध्ये तेथे सत्याग्रह उभारला. ज्या देशात १९३० साली शिरोडा आणि वडाळा येथे लोकांनी मिठासाठी लाठ्या खाल्ल्या, तेथे परदेशी कंपनीचे मिठागर ही केवळ आर्थिक बाब राहणे शक्यच नव्हते. सप्टेंबर १९९३ मध्ये कंपनीने माघार घेतली. रिकाम्या परतीच्या गणितात आठवणींचा रकाना नव्हता.

३०. यानंतर कंपनीने भारतात वेगळी वाट धरली. स्वतःचे नाव पुढे करण्याऐवजी तिने ओळखीची नावे विकत घेतली. २००५ मध्ये पुण्याच्या पारख फूड्सचा व्यवसाय घेतला आणि 'जेमिनी' हे महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरातील तेल कारगिलचे झाले. दौंडजवळच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत त्याचा कारखाना आहे. पुढे 'रथ' वनस्पती आणि मॅरिकोकडून 'स्वीकार' ही नावेही आली. कांद्याच्या फोडणीचा वास तोच राहिला. मालक बदलल्याचे बहुतेक घरांना कळलेही नाही.

३१. दरम्यान, जुन्या स्पर्धक घराण्यांपैकी कॉन्टिनेंटलचा धान्य व्यापार १९९९ मध्ये कारगिलनेच घेतला. ब्राझीलमधील सांतारेम येथे अमेझॉनच्या काठी २००३ मध्ये तिचे सोयाबीन बंदर सुरू झाले. बंदर आले की शेत येते आणि शेतासाठी जंगल पडते, असा आरोप ग्रीनपीसने २००६ मध्ये केला. त्याच वर्षी मोठ्या व्यापाऱ्यांनी नव्याने तोडलेल्या अमेझॉन जंगलातील सोयाबीन न घेण्याचे जाहीर केले. कोनोव्हरमध्ये लोहमार्गामागे कोठार गेले होते. येथे बंदर पुढे आणि नांगर मागे, असा क्रम उलटला.

३२. मालकीची गाठ मात्र सुटली नाही. १९९५ मध्ये व्हिटनी मॅकमिलन निवृत्त झाल्यावर कुटुंबातील कोणीही मुख्याधिकारी झालेले नाही. कारभार पगारी व्यवस्थापक पाहतात. २००६ मध्ये संस्थापकाची नात मार्गारेट कारगिल निवर्तली. तिचा मोठा हिस्सा धर्मादाय संस्थांकडे जाणार होता आणि त्यांना रोख रकमेची गरज होती. बाजारात नोंदणी हा सरळ मार्ग होता. कुटुंबाने तो टाळला. २०११ मध्ये मोझेक या खत कंपनीतील आपला वाटा त्या संस्थांना देऊन कारगिलचे समभाग परत घेतले. घरचे दार बंद ठेवण्यासाठी एक प्रचंड कंपनी हातावेगळी केली गेली.

३३. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. त्याच दिवशी काळ्या समुद्रात कारगिलने भाड्याने घेतलेल्या एका जहाजावर गोळा आदळला. खलाशी सुखरूप राहिले. भारतात येणाऱ्या सूर्यफूल तेलाचा मोठा हिस्सा युक्रेनमधून येई. काही आठवड्यांतच येथील किराणा दुकानांत तेलाचे डबे महाग झाले. मे २०२३ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात कंपनीची उलाढाल १७७ अब्ज डॉलर होती. जगाची ताटे किती थोड्या हातांतून भरली जातात, हे युद्धाने पुन्हा दाखवले.

३४. या इतिहासातील प्रश्न १८७७ पासून बदललेला नाही. पिकवणारे कोट्यवधी, खाणारेही कोट्यवधी आणि मधली वाट मोजक्यांची. या मोजक्यांनी वाट स्वस्त केली, उपासमारीच्या काळात धान्य पोहोचवले, हेही खरे. परंतु वाटेवरची बातमी त्यांच्याकडेच राहिली आणि जोखीम बहुधा दोन्ही टोकांना गेली. न्यायालयाने तेव्हा कोठाराला सार्वजनिक म्हटले होते. खंडांना जोडणाऱ्या या अदृश्य कोठाराला तसे म्हणणारे न्यायालय अद्याप कोठेही नाही.

३५. ऑगस्ट २०२३ मध्ये 'पिक्सिस ओशन' नावाचे कारगिलने भाड्याने घेतलेले मालवाहू जहाज शांघायहून ब्राझीलकडे निघाले. इंधन वाचावे म्हणून त्याच्यावर सुमारे ३७ मीटर उंचीची दोन पोलादी शिडे बसवली होती. ज्या कप्तानाचा मुलगा समुद्राकडे पाठ फिरवून धान्याच्या कोठारात शिरला, त्याच्या नावाची पेढी पुन्हा वाऱ्याकडे वळली होती. कोनोव्हरचे कोठार आणि ते गाव मात्र तोवर शेतात कधीच मिसळून गेले होते.